न दुखणारे दुखणे आणि उंबरठ्यावरची ताई

मराठीतले 'मीठ' आणि हिंदीतला 'मीठा' या दोन शब्दांत एका कान्याचे अंतर आहे. भाषाशास्त्रज्ञ दोहोंचे मूळ एकच मानतात. पण वाटेत कुठे तरी फाटा फुटला आणि एक शब्द खारट झाला, दुसरा गोड राहिला. नागपूरकर किंवा भोपाळकर माणसाला या फरकाचे काही वाटण्याचे कारण नाही. पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला मात्र तो जिवावर बेतू शकतो. आमच्या परिचयातल्या एका आजींना मधुमेह निघाला. दवाखान्यातल्या हिंदीभाषक डॉक्टरांनी बजावले, "माताजी, मीठा बिलकुल बंद।" आजींनी मान डोलावली आणि घरी येऊन महिनाभर अळणी वरण-भाजी खाल्ली. गुळाचा चहा दिवसातून चार वेळा चालूच होता. सुनेने विचारले तेव्हा म्हणाल्या, "डाक्टरनं मीठ सोडायला सांगतलं, गुळाचं तो काही बोलला नाही." आजींना हिंदी येत नव्हते असे नाही. बाजारातले, बसमधले, सिनेमातले हिंदी त्यांना चांगले कळत होते. पण स्वतःच्या शरीराविषयी त्या आयुष्यभर मराठीतच बोलत आणि ऐकत आल्या होत्या.

या प्रसंगाला घरात सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार या तीन जोडभावंडांचा बंदोबस्त करायचा तर जे काही सांगायचे असते ते निम्मेअधिक मीठ, साखर, तेल आणि तंबाखू यांच्याबद्दलच असते. ते कोणी, कोठे बसून आणि कोणत्या भाषेत सांगायचे हा प्रश्न मग हसण्यावारी नेता येत नाही. या प्रश्नाला आपल्या भागात इतिहास आहे. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही, म्हणून येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम भूमीविषयी थोडे. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात राहिला. राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडचे नाव मध्य प्रदेश झाले तरी राजधानी नागपूरच होती, आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. १९५७ च्या कायद्याने सरकारी कामाची भाषा हिंदी ठरली. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही मानत नाही. राज्य बहुसंख्येने हिंदीभाषक आहे. परिणाम एवढाच की रक्तदाबाऐवजी 'रक्तचाप' आला, आणि सरकारी माणूस घरी आला की बोलणे ओसरीवरच आटोपू लागले. स्वयंपाकघर मराठीच राहिले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा. घराघरांत मराठी बोलणारा आणि कचेरीत हिंदी लिहिणारा.

आता दुखण्याविषयी. शाळेत फीमाफीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आमच्या हातून जातात. त्यांत वडील हयात नसलेल्या मुलांचे अर्ज असतात आणि मृत्यूचे कारण कोणी ना कोणी तोंडी सांगतेच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ऐकू यायचे ते साप चावला, विहिरीत पडला, विजेचा धक्का बसला, ताप डोक्यात गेला. आता ऐकू येते ते 'अटॅक' आणि 'लकवा'. आम्ही काही मोजदाद ठेवलेली नाही, पण ज्यांनी ठेवली त्यांचे आकडे याच दिशेचे आहेत. भारतातल्या एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये सुमारे १५ टक्के होता, तो २०१६ मध्ये २८ टक्क्यांवर गेला. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. त्रेपन्न म्हणजे मुलगी लग्नाची आणि मुलगा बारावीला असण्याचे वय.

हा श्रीमंतांचा, शहरातला रोग अशी समजूत होती. ती मोडली गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूचा मागोवा घेतला. मलेरिया किंवा क्षय वरचढ ठरेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. निघाला पक्षाघात, म्हणजे आपला लकवा. दर सात मृत्यूंमागे एक त्याचा होता, आणि त्यातले बहुसंख्य रुग्ण घरीच गेले होते. लकव्याच्या मुळाशी बहुधा वाढलेला रक्तदाब असतो. हृदयविकाराच्या मुळाशीही त्याचाच मोठा हात. आणि रक्तदाब दुखत नाही. पायात काटा मोडला तर माणूस दवाखान्यात जातो. वरचा आकडा १८० झाला तरी तो संत्र्याच्या बागेत पाणी देत राहतो. जो रोग स्वतःहून बोलत नाही, त्याच्या दारी जाऊन कोणीतरी त्याला बोलते करावे लागते.

अशा मुक्या रोगाशी आपल्या मुलखाची गाठ पूर्वी पडलेली आहे. कुष्ठरोगाचा चट्टा सुन्न असतो, तोही दुखत नाही. वर त्याला लाज चिकटलेली, म्हणून माणूस तो सदऱ्याखाली झाकतो. वर्धा आणि सौंसर एकाच राज्यात होते त्या काळात, १९५१ मध्ये, वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. तिथे डॉ. रा. वि. वारदेकर यांनी एक साधी पद्धत बसवली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. प्रशिक्षित कार्यकर्त्याने गावात जायचे, घरोघर प्रत्येकाला तपासायचे, समजावून सांगायचे आणि तिथेच गोळ्या सुरू करायच्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. पुढे हीच पद्धत देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने उचलली. त्या कार्यकर्त्यांकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. सायकल होती, नोंदवही होती, आणि ज्या गावात जायचे तिथली बोली होती. चट्टा दाखव म्हणणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. 'तुमच्या अंगावर कुठं बधिर वाटते का, बापू?' हे वाक्य कोणत्या स्वरात उच्चारायचे ते पुस्तकातून शिकता येत नाही. देवी टोचणारे त्याही आधीपासून येत असत, पण ते टोचून निघून जात. कुष्ठरोगाचा माणूस पुन्हा पुन्हा येई, कारण डॅप्सोनची गोळी वर्षानुवर्षे घ्यायची असे आणि बरे वाटू लागले की रुग्ण ती सोडून देई. रक्तदाबाची गोळी देणारे आजही याच अडचणीने त्रस्त आहेत.

वर्ध्याच्या पद्धतीत एक उणीव राहिली होती. कार्यकर्ता गावात यायचा, पण गावचा नसायचा, आणि बहुधा पुरुष असायचा. ती उणीव जामखेडने भरून काढली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावकऱ्यांच्याच सुचवण्यावरून गावातल्या स्त्रिया निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेक दलित होत्या, काही विधवा किंवा टाकलेल्या. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे आणि परत जाऊन तेच गावाला शिकवायचे. १९७१ मध्ये त्या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते; दोन दशकांनंतर ते विशीच्या आसपास आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढच्या काळात, मुले जगू लागली आणि माणसे म्हातारी होऊ लागली तेव्हा, याच बायांनी रक्तदाब मोजायलाही शिकून घेतले. ज्या हाताने ओआरएसचे मीठ-साखर-पाणी ढवळले, त्याच हाताने पट्टा दंडाला गुंडाळला. निरक्षर बाईला यंत्र कळणार नाही असे म्हणणाऱ्यांनी तिला लुगड्याच्या निऱ्या घालताना किंवा पापडाचे पीठ तिंबताना पाहिलेले नसावे.

सरकारला ही कल्पना आवडली, पण सरकारी पद्धतीने. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांची शिफारस केली होती. २ ऑक्टोबर १९७७ रोजी, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, देशभर योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक सेवक, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. हिंदी मुलखात त्याला 'जन स्वास्थ्य रक्षक' म्हणत. पंचायतीने निवड करायची होती, आणि पंचायतीने काय केले असेल ते वाचकांना सांगायला नको. सरपंचांचे पुतणे-भाचे रक्षक झाले. निवडलेले बहुतेक पुरुष होते. पुरुषाला ओसरी ओलांडून आत जाता येत नाही. गरोदर सुनेशी किंवा म्हाताऱ्या सासूशी तो काय बोलणार? १९८१ मध्ये नाव बदलून ग्राम आरोग्य मार्गदर्शक झाले, प्रकृती तीच राहिली. पुढे १९९५ मध्ये मध्य प्रदेशाने जुनेच नाव घेऊन नवी योजना काढली. दहावी झालेल्या तरुणांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन गावात बसवायचे आणि त्यांनी फी घेऊन पोट भरायचे. फीवर पोट भरायचे तर सुई टोचावी लागते, सलाईन लावावे लागते. तंबाखू सोड असे सांगण्याची फी कोण देणार? या योजनेतून गावाला एक टोचणारा मिळाला, सांगणारा मिळाला नाही. आमचे मत कठोर वाटेल, पण त्या काळची गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते खोटे वाटणार नाही.

दरम्यान गडचिरोलीत 'सर्च'ने आरोग्यदूत तयार केल्या होत्या. गावातल्या स्त्रियांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली तर काय होते, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेतून जगापुढे आले. नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. या कामाच्या ऐन धामधुमीत, १९९५ मध्ये, स्वतः डॉ. अभय बंग यांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला. त्यावरचे त्यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक २००० मध्ये निघाले आणि मराठी घरांत ते आजही वाचले जाते. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीची पाने सुटली आहेत, इतकी ती पालकांत फिरली. परंतु पुस्तक वाचणारे घर आणि न वाचणारे घर यांत फरक असतो, आणि झटका काही पुस्तके पाहून येत नाही.

छत्तीसगड वेगळा झाल्यावर तिथे २००२ मध्ये 'मितानिन' निघाली. मितानिन म्हणजे मैत्रीण. नावातच अर्धे काम झाले. त्यानंतर एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याच्याबरोबर आशा आली. गावातलीच, सहसा गावात सून म्हणून आलेली, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची, आठवीपर्यंत शिकलेली स्त्री. जामखेड आणि गडचिरोलीचा धडा येथे देशाने गिरवला असे म्हणायला हरकत नाही. पहिली दहा वर्षे आशाचे काम बाळंतपण आणि लसीकरण यांपुरतेच लोकांना ठाऊक होते. रक्तदाब-मधुमेहाचे काम तिच्याकडे २०१६-१७ नंतर आले. तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचा एक तक्ता तिने भरायचा. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला किती श्रम, आई-बापांत कोणाला हे रोग होते का. प्रत्येकाला गुण, चाराहून अधिक झाले तर तपासणीसाठी आधी पाठवायचे. पुढे उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, रक्तदाब आणि साखर मोजतात. रक्तदाबाच्या गोळ्या ठरावीक पद्धतीने, एका वेळी महिन्याच्या, घराजवळच मिळाव्यात यासाठी २०१८ पासून जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती.

कागदावर हे सारे सरळ दिसते. प्रत्यक्षात कमरेच्या घेरापाशी गाडी अडते. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर, बाईची ऐंशीच्या वर गेली की गुण वाढतो. आता सून म्हणून आलेल्या आशाने गावातल्या भासऱ्याच्या, मामेसासऱ्याच्या कमरेला टेप कशी गुंडाळायची? आपल्या भागातल्या आशाताईंनी यावर आपापली युक्ती काढलेली दिसते. कोणी टेप घरधनिणीच्या हातात देते आणि स्वतः पाठ करून उभी राहते. कोणी शाळकरी नातवाला पुढे करते. आमच्याच शाळेतला एक आठवीचा मुलगा आजोबांची कंबर मोजून आला आणि वर्गात सांगत होता, "सर, आजा शंभराच्या वर गेला!" भोपाळला किंवा दिल्लीला बसून तक्ता करणाऱ्याला भासरा आणि टेप यांचे नाते सुचणे शक्य नव्हते. ते आशाला निस्तरावे लागते, आणि ती ते निस्तरते.

येथे सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिकडेही आपल्यासारखीच गत आहे. अमेरिकेतला टेक्सास आणि त्याच्या आसपासचा मुलूख एके काळी मेक्सिकोचा होता. १८४८ च्या तहानंतर रिओ ग्रांदे नदी सीमा झाली. माणसे होती तिथेच राहिली, राज्य बदलले. १९५६ ची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सीमेलगतच्या एल पासोसारख्या शहरांत घरात स्पॅनिश आणि दवाखान्यात इंग्रजी. तिथल्या स्पॅनिशभाषक वस्त्यांत मधुमेह, स्थूलता आणि रक्तदाब यांचा उपद्रव मोठा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्थेने १९९४ मध्ये त्यांच्यासाठी एक उपक्रम काढला. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ 'तुमच्या हृदयासाठी आरोग्य'. त्याचा कणा होत्या 'प्रोमोतोरा', म्हणजे वस्तीतल्याच शिकवलेल्या बाया. त्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून बोलत. संस्थेने त्यांच्या हाती दोन्ही भाषांत छापलेले पाककृतींचे पुस्तक दिले. पदार्थ त्यांचेच, चव त्यांचीच, फक्त चरबी आणि मीठ कमी. 'तुमचे खाणे वाईट आहे' असे कोणी म्हटले नाही. 'हेच असे करून पाहा' म्हटले. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाला, जिथे हृदयावरच्या शस्त्रक्रियेची यंत्रे खोलीखोलीत असतात, शेवटी शेजारीणच शोधावी लागली. ही गोष्ट आम्हाला त्या पाककृतींइतकीच चविष्ट वाटते.

असे एखादे पुस्तक आपल्यासाठी कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. मराठी पुस्तके येतात त्यांत पोहे, ओट आणि 'सॅलड' असते. हिंदी पत्रकांत पराठा, पूरी, नमकीन यांची मनाई असते. आमच्या स्वयंपाकघरात उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, मुंगवड्या होतात. लोणच्याच्या बरण्या भरतात. ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही, आणि पाहुणा आला की तर्री दिसेल इतके तेल रश्श्यावर तरंगलेच पाहिजे, नाही तर यजमानाचा कंजूषपणा गावभर होतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. एक पापड, एक फोड लोणचे आणि ताटातले वरून घेतलेले मीठ यांतच त्यातला मोठा वाटा निघून जातो. दिवाळीच्या चिवडा-चकलीचा हिशेब आम्ही या अंकात मांडत नाही, संपादक रागावतील. मुद्दा असा की 'नमक कम खाइए' या फलकावरून सांडगे आठवत नाहीत. सांडग्यातले मीठ कमी करायचे तर ते उन्हाळ्यात, पीठ भिजवताना, त्याच अंगणात बसलेल्या बाईने सांगावे लागते.

खऱ्र्याचेही तसेच. सरकारी कागदावर 'तंबाकू का सेवन' असते. विचारले तर माणूस छातीवर हात ठेवून 'नाही' म्हणतो, आणि ते खोटे नसते. त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून मळलेली किंवा विडीतली. खर्रा म्हणजे खर्रा. सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या कागदात घासून तयार होणारी ही नागपुरी देणगी पांढुर्ण्याच्या चौकात राज्याची सीमा न ओळखता पोचली आहे. 'भाऊ, दिवसाचे खर्रे किती होतेत?' असे विचारणारीलाच खरे उत्तर मिळते. तोंडाचा कर्करोग सगळ्यांना ठाऊक झाला आहे. तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करते हे मात्र खर्रा खाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

बायकांच्या बाबतीत भाषेची अडचण आणखी खोल जाते. छातीत कळ, डाव्या हातात मुंग्या, हे सिनेमातले लक्षण झाले. बाईला पुष्कळदा तसे होत नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते, अन्न नकोसे होते, आणि ती म्हणते, "जीव घाबरा होते." हिंदीत याचे भाषांतर 'घबराहट' होते, आणि घबराहट ऐकली की समोरचा म्हणतो चिंता करू नका, आराम करा. परीक्षेच्या आधी मुलांना होते तीही घबराहटच. 'जीव घाबरा होते' याच्या आत किती गोष्टी मावतात ते त्याच बोलीत वाढलेल्या बाईला समजते. मग ती विचारते, चालल्यावर होते की बसल्या जागी? घाम फुटतो काय? आधी कधी झालते? आणि उत्तर ऐकून रिक्षा मागवायची की लिंबूपाणी द्यायचे ते ठरवते. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरांनीच करायचे. परंतु डॉक्टरांपर्यंत ती बाई वेळेत पोचली तरच ते करणार.

या कामाला समाज काय मोल देतो? केंद्राच्या दरपत्रकात असा एक तक्ता भरण्याचे आशाला १० रुपये धरले होते. दहा रुपयांत आज अर्धा खर्रासुद्धा येत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, शाळांतून टाळ्या वाजल्या, आमच्या शाळेतही वाजल्या. त्याच सुमारास अनेक राज्यांत आशा मानधनासाठी रस्त्यावर बसलेल्या होत्या. सरकारचे सरकार पाहील. आपल्या घरांचे काय? बाळंतपणासाठी आशाताई आली तर तिला पाट मिळतो, चहा मिळतो. रक्तदाबाचे विचारायला आली तर घरातला कर्ता पुरुष, तो घरात असलाच तर, 'मला काही झालं नाही' म्हणून दुपट्टा खांद्यावर टाकून निघतो. झालेले नाही म्हणूनच तर ती येते. आणि ज्याला गोळी सुरू झाली त्याचे दुसऱ्याच महिन्यात 'आता बरं वाटते, सवय लागेल उगाच' असे ठरते. डॅप्सोनच्या काळातले तेच वाक्य.

आमच्या भागात आणखी एक गुंता आहे, तो इतरत्र क्वचित आढळेल. मोठे दुखणे निघाले की आम्ही नागपूरला जातो. सौंसरहून साठ-पासष्ट किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आत. भोपाळ त्याच्या दुपटीहून दूर. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, म्हणजे ते आपलेच होते तेव्हाचे. नाते, सोयरीक, बाजार आणि दवाखाना अजून त्याच दिशेला आहेत. नागपूरचे डॉक्टर मराठीत बोलतात, पण चिठ्ठी इंग्रजीत लिहितात. ती चिठ्ठी घेऊन माणूस परत येतो आणि मध्य प्रदेशच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत त्याचा पत्ताच नसतो, कारण निदान सीमेपलीकडे झाले. चिठ्ठीतली गोळी आणि उपकेंद्रात फुकट मिळणारी गोळी एकच असू शकते; नाव वेगळे छापलेले असते. कित्येक घरांत दोन्ही घेतल्या जातात, कित्येक घरांत एकही नाही. लेक मोर्शी-वरुडला किंवा सावनेर-काटोलला दिली असेल तर तिची आशा महाराष्ट्राची, तिचा कागद मराठी. ती माहेरी बाळंतपणाला आली आणि रक्तदाब वाढला तर इकडच्या ताईने तो कागद वाचून तिकडच्या ताईला फोन करायचा असतो. असे फोन होतात. कोणत्याही योजनेत लिहिलेले नसताना होतात.

अलीकडे नोंदवहीच्या जोडीला मोबाइल आला. तक्ता त्यातच भरायचा. सौंसरकडच्या एका गावात गेल्या हिवाळ्यात आम्ही एका पालकाच्या घरी बसलो असताना आशाताई आल्या. म्हातारीने ट्रंकेतून नागपूरची चिठ्ठी, उपकेंद्राचे कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे एका फडक्यात बांधलेली काढली. ताईंनी इंग्रजी चिठ्ठीवरून बोट फिरवत गोळीचे मूळ नाव शोधले, पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांशी ताडून पाहिले, मोबाइलमध्ये हिंदीतल्या रकान्यावर टिचकी मारली आणि म्हातारीला मराठीत म्हणाल्या, "मावशे, ह्या दोन्ही एकच आहेत. सकाळी एकच घ्यायची, पांढरी. उद्या दहा वाजता मी जाते उपकेंद्रात, माझ्यासंगं चाल." म्हातारीने विचारले, "जेवून की उपाशी?"

"चहा घेऊन ये," ताई म्हणाल्या.